औंढ्याची शांतता कोणी घडवली?

विज्ञानाचा विषय निसर्ग असला, तरी विज्ञान करणारी माणसे समाजात राहतात, त्यांच्या प्रयोगांना पैसा बहुतेक वेळा शासन देते आणि त्यांची उपकरणे कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवारात उभी राहतात. म्हणूनच समाज आणि राजकारण विज्ञानाला कितपत घडवतात, हा वाद जुना आहे. १९३१ मध्ये लंडनच्या विज्ञानेतिहास परिषदेत सोव्हिएत अभ्यासक बोरिस हेसेन यांनी न्यूटनच्या यामिकीचा संबंध त्या काळच्या जहाजवाहतुकीच्या, खाणकामाच्या आणि युद्धसाहित्याच्या गरजांशी जोडला, तर १९४२ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञान बाहेरच्या दडपणापासून कोणत्या आचारनियमांमुळे मुक्त राहू शकते, याची मांडणी केली. हिंगोली जिल्ह्यात मात्र हा वाद आता ग्रंथालयापुरता उरलेला नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाच्या परिसरात ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. गुरुत्वीय लहरी म्हणजे कृष्णविवरांसारख्या अतिशय जड वस्तू एकमेकींभोवती फिरताना व आदळताना अवकाशाच्या मूळ पोतातच उठणारे तरंग. ते पृथ्वीवरून जाताना अंतरे अत्यल्प प्रमाणात ताणली व आकसली जातात, आणि परस्परांशी काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेझर किरण फिरवून, ते एकत्र आल्यावर होणाऱ्या व्यतिकरणावरून हा बदल मोजला जातो.

पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील एक पक्ष भौतिकशास्त्राचे निवृत्त अध्यापक मांडतात आणि दुसरा पक्ष विज्ञानाच्या समाजशास्त्राच्या एक अभ्यासक मांडतात. स्थळ नरसी नामदेव, कयाधू नदीचा काठ. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेले हे गाव आणि वेधशाळेची जागा एकाच जिल्ह्यात आहेत, एवढ्यासाठीच हे स्थळ निवडलेले नाही; त्याचे दुसरे कारण संवादाच्या ओघात येईल.

अध्यापक : ताई, मूळ गोष्ट आधी स्पष्ट व्हावी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील ‘लिगो’च्या दोन उपकरणांनी जी लहर टिपली, ती सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघाली होती. त्यांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट होती. ती लहर निघाली तेव्हा पृथ्वीवर ना संसद होती ना अंदाजपत्रक. मोजलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म होता आणि तरीही त्याचा आकार आइनस्टाइनच्या समीकरणांतून काढलेल्या आकाराशी जुळला. यात समाजाने काय घडवले?

अभ्यासक : सर, लहरीच्या आकाराबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो ही लहर ऐकणारा कान कोठे, कधी आणि कोणाच्या परवानगीने उभा राहतो याबद्दल. शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि १७ फेब्रुवारीला केंद्रीय मंत्रिमंडळाने लिगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली, म्हणजे मध्ये अवघे ६ दिवस गेले. त्यानंतर ३१ मार्चला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाशी सामंजस्य करार झाला. मात्र सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला पूर्ण मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३ मध्ये, आणि पायाभरणीसाठी त्याच वर्षीचा ११ मे हा दिवस निवडला गेला. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांच्या स्मरणार्थ तो राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणून पाळला जातो. एका शुद्ध मूलभूत प्रयोगाचा पायाभरणीचा दिवस अणुचाचणीच्या दिवसाशी जोडला जातो, तेव्हा राज्यसंस्था त्या प्रयोगाकडे राष्ट्रीय सामर्थ्याची खूण म्हणून पाहते आहे, हे उघड आहे.

अध्यापक : तो समारंभाचा भाग झाला. उपकरण भारतात का यावे, याला भक्कम वैज्ञानिक कारण आहे. लहर प्रथम एका केंद्रावर पोहोचते आणि मग दुसऱ्यावर. २०१५ च्या लहरीत हे अंतर सुमारे ७ मिलिसेकंदांचे होते. केंद्रे जितकी एकमेकांपासून दूर आणि जितकी वेगवेगळ्या दिशांना, तितके लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अचूक सांगता येते. भारतातील केंद्रामुळे हे जाळे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत पसरते.

अभ्यासक : ते कारण खरे आहे, पण तेवढेच कारण पुरले असते तर केंद्र भारतात आले नसते. दक्षिण गोलार्ध त्यासाठी तितकाच, काही दृष्टींनी अधिक, सोयीचा होता आणि हेच उपकरण आधी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जिंजिन येथे न्यायचा विचार झाला होता. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शासनाने निधी दिला नाही, आणि हॅनफर्डच्या दुसऱ्या संचासाठी तयार झालेले भाग भारताकडे येण्याचा मार्ग मोकळा झाला. भारत ते स्वीकारू शकला, कारण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्रात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून गोंगाटात बुडालेला संकेत शोधण्याच्या गणिती पद्धतींवर काम करत होते, तर बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर लहरींच्या आकाराची सैद्धांतिक आकडेमोड करत होते. ज्या देशात महागडे प्रयोग उभे राहणे कठीण होते, त्या देशात कागद आणि संगणक यांवर होणारी बाजू बळकट झाली; म्हणजे देशाची वैज्ञानिक ताकद कोठे वाढावी, हेही अर्थकारणाने ठरवले.

येथे अभ्यासकांच्या विधानाला एक पुस्ती जोडणे न्याय्य ठरेल. बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी १९९१ मध्ये मांडलेली पद्धत, जिला ‘जुळणी-गाळणी’ असे म्हणता येईल, म्हणजे अपेक्षित आकारांचे हजारो नमुने आधी तयार करून आलेल्या नोंदीवर एकेक ठेवून पाहण्याची पद्धत, ही गरिबीतून आलेली तडजोड नव्हती. तिच्याशिवाय अशा मीलनांचा शोध पद्धतशीरपणे घेणे कठीण होते. कारण आर्थिक असले तरी फळ पूर्ण दर्जाचे होते, हे विसरता कामा नये.

अध्यापक : ठीक, देश कोणता हे राजकारणाने ठरले असे धरू. पण जागा कोणती, हे मोजमापाने ठरले. अनेक ठिकाणी यंत्रे लावून जमिनीचे कंप मोजले गेले. दख्खनच्या काळ्या कातळावरचा हा सपाट भाग समुद्रापासून दूर आहे, आणि समुद्राच्या लाटांमुळे साऱ्या पृथ्वीच्या कवचात जी मंद थरथर चालू असते, तिचा प्रभाव किनाऱ्यापासून दूर कमी होतो. औंढ्याची निवड कोणा आमदाराच्या शिफारशीने झालेली नाही.

अभ्यासक : आता संवाद खऱ्या जागी आला. शांततेचे दोन भाग असतात. समुद्राची थरथर सेकंदाला एका कंपाच्या दशांश भागाइतक्या मंद वारंवारतेची असते, आणि तिच्याबाबतीत निसर्गच निर्णय देतो, हे मान्य. पण साधारण १ हर्ट्झच्या पुढचे, म्हणजे सेकंदाला एकाहून अधिक वेळा होणारे कंप प्रामुख्याने माणसाचे असतात. ते ट्रकांचे, रेल्वेचे, कारखान्यांतील यंत्रांचे आणि दगडखाणींतील स्फोटांचे असतात. औंढ्यात हे कंप कमी का आहेत? हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचा भाग होता. रस्ते, सिंचन, वीज यांसारख्या कसोट्यांवर राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे, हे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये मोजले, आणि त्या मागेपणाला ‘अनुशेष’ हा शब्द रूढ झाला. मराठवाड्याचा अनुशेष म्हणजे कारखाने न येणे, रेल्वे उशिरा येणे, तरुणांनी पुणे-मुंबईची वाट धरणे. भूकंपमापकाच्या कागदावर याच अनुशेषाची नोंद सरळ रेषेसारखी, निःशब्द उमटते आणि वैज्ञानिक अहवालात तिला ‘योग्य जागा’ असे नाव मिळते.

हा या संवादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि त्याचा अर्थ नीट लावला नाही तर तो आरोपासारखा वाटेल. अभ्यासकांचे म्हणणे असे नाही की कोणी वेधशाळेसाठी मराठवाडा मागास ठेवला. त्यांचे म्हणणे असे आहे की, ज्याला मोजमाप नैसर्गिक गुण म्हणून नोंदवते, त्यात प्रदेशाचा राजकीय इतिहास मिसळलेला असतो, आणि उपकरण त्या दोहोंत फरक करू शकत नाही. हॅनफर्डचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९४३ मध्ये अमेरिकी शासनाने अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करण्याकरिता कोलंबिया नदीकाठचा तो विस्तीर्ण प्रदेश ताब्यात घेतला, व्हाइट ब्लफ्स आणि हॅनफर्ड ही गावे रिकामी करवली आणि तेथील वानापम या मूळ रहिवाशांनाही हटवले. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम तेथलेच. १९९० च्या दशकात वेधशाळेला तेथे मोकळी, संघशासनाच्या मालकीची जागा मिळाली, ती या रिकाम्या केलेल्या प्रदेशात. औंढा आणि हॅनफर्ड यांची तुलना इतिहासाच्या क्रौर्याबाबत करता येणार नाही, पण दोन्हीकडे ‘मोकळी जागा’ ही आपोआप मोकळी नव्हती.

अध्यापक : तरीही एक आक्षेप उरतो. लिव्हिंग्स्टनची जागा मुळीच शांत नव्हती. आजूबाजूच्या जंगलात दिवसा लाकूडतोड चालायची, जवळून मालगाड्या जायच्या, आणि सुरुवातीच्या काळात त्या केंद्राला दिवसाचे काम करणे अवघड जात असे. मग आरशांच्या आधाराखाली कंप शोषणारी जलदाबावर चालणारी यंत्रणा बसवली गेली आणि काम सुरळीत झाले. म्हणजे समाजाचा गोंगाट अभियांत्रिकीने वजा करता येतो. उलट बाजूने पाहा: निसर्गानेही औंढ्याला संपूर्ण शांतता दिलेली नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. सामाजिक शांतता हा प्रयोगाचा आधार नाही. आधार आहे तो कंपांना हरवण्याचे ज्ञान.

अध्यापकांचा हा मुद्दा अभ्यासकांना खोडता येत नाही, आणि त्या तो खोडण्याचा प्रयत्नही करत नाहीत. त्या वेगळ्या दिशेने जातात.

अभ्यासक : ज्ञान कशाला म्हणायचे, हेच कधी कधी ठरलेले नसते. १९६९ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या जाड दंडगोलांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी सापडल्याचा दावा केला. इतरांनी तशी उपकरणे बांधली, त्यांना काही सापडले नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी हा वाद दशकानुदशके जवळून अभ्यासला आणि एक पेच दाखवला: उपकरण बरोबर आहे हे कळण्यासाठी त्याने लहर पकडली पाहिजे, आणि लहर आहे की नाही हे कळण्यासाठी आधी उपकरण बरोबर असले पाहिजे. हे वर्तुळ केवळ नोंदींनी तुटत नाही. कोणाचे कौशल्य विश्वासार्ह मानायचे, कोणाचा शब्द धरायचा, हे वैज्ञानिकांच्या समुदायाने ठरवावे लागते. ते ठरवणे सामाजिक आहे.

अध्यापक : आणि येथेच सावध राहिले पाहिजे. सत्य समुदाय ठरवतो असे एकदा म्हटले की, सत्तेलाही समुदायाचा वेष घेता येतो. सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेंको यांचा आनुवंशशास्त्रविरोधी विचार सत्तेच्या पाठिंब्याने वाढला, निकोलाय वाव्हिलोव यांच्यासारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये तर तो विचार अधिकृतच ठरला. गव्हाच्या रोपाने मात्र ठराव मानला नाही. वेबर यांच्या बाबतीतही शेवटी निकाल लागला तो चांगली उपकरणे आली म्हणून.

अभ्यासक : लिसेंकोचे उदाहरण शिरोधार्य आहे, पण ते समाज नसल्याचे उदाहरण नाही, ज्या समाजात प्रश्न विचारणाऱ्याचे संरक्षण संपले, त्याचे ते उदाहरण आहे. आता लिगोकडे पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये एक स्पष्ट संकेत दिसला, शेकडो वैज्ञानिकांनी महिनोन्महिने विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये लखोटा उघडून सांगितले गेले की तो संकेत काही जणांनी मुद्दाम गुप्तपणे घातलेला होता. सगळ्यांनी आधीच मान्य केलेली ही ‘अंध चाचणी’, म्हणजे परीक्षा होत आहे की नाही हेही परीक्षार्थ्याला न कळू देणारी पद्धत, आरशांइतकीच त्या प्रयोगाची गरज होती. ती नसती तर २०१५ च्या नोंदीवर इतक्या लवकर विश्वास बसला असता का?

अध्यापक : नसता बसला.

अध्यापकांचे हे दोन शब्दांचे उत्तर त्यांच्या आधीच्या सर्व प्रतिपादनाइतके वजनदार आहे. वस्तुनिष्ठता ही एका माणसाच्या मनाची अवस्था असते, असे मानले तर समाज तिला केवळ मलिन करू शकतो. पण ती अनेकांनी स्वीकारलेल्या शिस्तीतून उभी राहते असे मानले, तर त्या शिस्तीला निधी, स्वातंत्र्य आणि संस्था लागतात, आणि ते सारे राजकारणातूनच मिळते किंवा हिरावले जाते.

नरसीचा प्रसंग येतो तो याच टप्प्यावर.

अध्यापक : या गावाचेच उदाहरण घेऊ. नामदेवांची म्हणून मानली जाणारी ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला म्हणून ती आज पंजाबात घुमानपासून अमृतसरपर्यंत गायली जातात. संकलन हे एका समाजाने केलेले काम आहे, हे खरे. पण पदांचा गाभा नामदेवांचा आहे, संकलन करणाऱ्याचा नाही. विज्ञानातही जतन आणि निवड समाज करतो, गाभा निसर्गाचा असतो.

अभ्यासक : उदाहरण सुंदर आहे, पण ते दोन्ही बाजूंनी कापते. मराठी गाथेतील नामदेव पंढरपूरचा, विठ्ठलाशी लडिवाळपणे भांडणारा आहे. उत्तरेतील पदांमधला नामदेव निर्गुणाकडे झुकलेला आहे. हा एकच माणूस की परंपरेने जोडलेले दोन, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो, तो यामुळेच. जतन करणाऱ्याने काय निवडले, यावर आपल्याला कोणता नामदेव दिसतो हे अवलंबून आहे. आणि औंढ्याच्या देवळाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोरून उठवून मागच्या बाजूला पाठवले आणि देऊळच फिरले, असे लोक सांगतात. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येणार नाही, पण कोणाला समोर बसू द्यायचे आणि कोणाला मागे, हा प्रश्न या मातीने किती खोलवर लक्षात ठेवला आहे, हे ती सांगते. वेधशाळेतही तोच प्रश्न आहे: नियंत्रणकक्षात कोण बसणार आणि कुंपणाबाहेर कोण राहणार?

अध्यापक : शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी काही दारे उघडी राहतील.

अभ्यासक : राहावीत, आणि त्यासाठी पुढाऱ्यांनी भांडावे. कृषी विद्यापीठ कोठे असावे, यासाठी विदर्भात आणि मराठवाड्यात आंदोलने झाली, आणि १९६९ मध्ये अकोल्यात व १९७२ मध्ये परभणीत ती विद्यापीठे उभी राहिली. त्या आंदोलनांना अवैज्ञानिक म्हणता येणार नाही, कारण कोरडवाहू ज्वारी, कापूस, तूर यांवर संशोधन व्हायचे तर ते त्या मातीजवळ व्हावे लागते. याच जिल्ह्यात वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहिले, तेही हळदीच्या बाजाराचे राजकीय वजन वाढल्यावरच. शेतकऱ्यांनी मागितलेले विज्ञान आणि वेधशाळेचे विज्ञान यांत मोठा फरक असा की, पहिल्याला गावाने बोलावले, आणि दुसरे गावाच्या शांततेकडे पाहून आले.

अध्यापकांना हे वाक्य अन्यायकारक वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. विश्वाच्या उत्पत्तीबद्दलचे कुतूहल गावाला नसते असे मानणे हाही एक प्रकारचा भेदभावच ठरेल. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा स्थानिक आणि राजकीय विरोधामुळे वर्षानुवर्षे अडून राहिली, याचीही त्यांना काळजी आहे, आणि लिगोबाबत तसे होऊ नये असे त्यांना मनापासून वाटते. म्हणून ते अखेर व्यवहाराच्या प्रश्नाकडे येतात.

अध्यापक : कातळात विहीर खोल करायची तर सुरुंग लावावे लागतात. उन्हाळ्यात पाणी आटले की हे काम या भागात चालतेच. वेधशाळा सुरू झाल्यावर त्या स्फोटाचे काय?

अभ्यासक : नियंत्रणकक्षाच्या नोंदवहीत त्याची नोंद ‘गोंगाट’ अशी होईल. लिव्हिंग्स्टनमध्ये लाकूडतोड बंद केली नव्हती, यंत्रणा सुधारली होती, हे सरांनीच सांगितले.

अध्यापक : पण तेथे कंपनीचे जंगल होते, येथे एकेका शेतकऱ्याची विहीर आहे. ग्रामसभेने सुरुंगाचे दिवस आधी कळवावेत आणि केंद्राने त्या वेळेच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात, असे ठरवता येईल.

अभ्यासक : ठरवता येईल, आणि ते ठरवायला २०३० पर्यंत, म्हणजे काम पूर्ण व्हायचे उद्दिष्ट आहे तोपर्यंत, थांबू नये. ग्रामसभेत हा विषय निघाला तर पहिला प्रश्न विहिरीचा निघेल, दुसरा दगडखाणीचा, तिसरा कदाचित उद्या येणाऱ्या एखाद्या कारखान्याचा. आणि तिसऱ्या प्रश्नाला भौतिकशास्त्राकडे उत्तर नाही.

अध्यापक : भौतिकशास्त्राकडे नाही, पण किती अंतरावर किती कंप चालतील, हा आकडा ते देऊ शकते. तो आकडा मराठीत, तालुक्याच्या कचेरीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला असला पाहिजे.

अभ्यासक : एवढे झाले तरी पुष्कळ होईल.